केव्हीएम कुणी बंद केलं?

६ मार्च, गुरुवार
नवं सर्व्हर मशीन लावलं आणि बोंब! याच्या पोटात लॅबची सहा व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे एकातच सहा आभासी संगणक, चालायला हवीत, रक्ताचे सगळे रिपोर्ट त्यांच्यावर. एकही उठेना. म्हणे, केव्हीएम सापडत नाही — तेच तर ही मशीनं चालवतं. अरे, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मी स्वतः बांधलाय, केव्हीएम चालू ठेवून! मग मधे हात कुणी लावला? पासवर्ड दोघांकडेच — मी आणि मेहुणा.

७ मार्च
मेहुण्याला इथे मीच चिकटवला, बायकोच्या आग्रहाखातर. आज साहेबांच्या केबिनमध्ये वीस मिनिटं! मी दार ढकललं तर दोघं गप्प. बाहेर येऊन मला विचारतो, "भाऊजी, कर्नलची सेटिंग्ज एकदा बघू का?" पुरावा पुसायचाय होय? नाही म्हणालो. कुठेतरी पाणी मुरतंय.

८ मार्च
बायकोशी खटका. "माझा भाऊ तुमची खुर्ची ओढतोय असं वाटतं तुम्हाला?" हो, वाटतं! लॅबमध्ये रिपोर्ट हाताने लिहितायत. साहेबांनी बजावलंय — सोमवारी नाव हवं, ज्याची चूक तो घरी.

१० मार्च, सोमवार
नाव सांगितलं. मेहुण्याला बोलावलं. वाटलं, आता कांगावा करेल. तो खाली बघून म्हणाला, "हो साहेब, माझ्याकडूनच झालं." आणि अर्ध्या तासात सहाही मशीनं चालू करून दिली! बिघडवणाऱ्यालाच ठाऊक ना, काय बिघडलंय ते. संध्याकाळी टेबल आवरलं. "येतो भाऊजी," म्हणाला. मी मान वर केली नाही.

११ मार्च
बायको बोलत नाही. नाही तर नाही!

१२ मार्च
पुरावा जपून ठेवावा म्हणून माझी सेटिंग्ज आणि त्याने दुरुस्त केलेली, दोन्ही शेजारी लावली. फरक एका ओळीचा. केव्हीएम पहिल्यापासून चालूच होतं. पण त्याच्याखाली प्रत्येक कंपनीच्या चिपसाठी वेगळा तुकडा असतो. मी जुन्या मशीनच्या सेटिंग्जची यादी जशीच्या तशी उचलली — जुन्या चिपचा तुकडा चालू, नव्या मशीनची चिप दुसऱ्याच कंपनीची, तिचा बंद. कुणी हात लावलाच नव्हता. तीन वेळा वाचलं. लाज वाटते, दुसरं काही नाही.

१३ मार्च
बायकोला सांगितलं. चूक माझी, हे त्याने सेटिंग्ज बघून आधीच ओळखलं होतं; तिला रविवारपासून ठाऊक होतं. तो तिला शपथ घालून गेला होता — "ताई, भाऊजींच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. मला काय, दुसरी नोकरी मिळेल."