मूठ मिटत नव्हती

ती. आई,
वाकून नमस्कार. सकाळी नीट वाकता येत नाही, म्हणून दुपारी करते आहे.

आधी चांगली बातमी. ल्युपसच्या या आजाराने माझ्या किडन्यांना अजून हात लावलेला नाही. रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई खूश झाल्या. "बाकी काही त्रास?" त्यांनी विचारलं. मी सवयीने "काही नाही" म्हटलं. तूही अंगात ताप असताना पाहुण्यांना "बरी आहे" म्हणायचीस.

मग त्यांनी मूठ मिटायला सांगितली. मिटेना.

"कधीपासून?"

दोन महिने, आई. बोटं सुजतात, तोंड येतं, केस गळतात. किडन्या शाबूत असताना एवढ्यासाठी काय कुरकुर करायची, असं वाटायचं. की आणखी काही वाईट एकटीने ऐकायची भीती होती? माझं मलाच कळत नाही.

"किडन्या तेवढ्या तुमच्या, आणि बाकीचं शरीर परक्याचं का?" असं म्हणत त्यांनी नवी गोळी लिहून दिली.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं लिही.

वेणी घालता येईना, म्हणून केस कापले. तुला आधी विचारणार होते. पण तू "मी येते" म्हणाली असतीस, आणि मला नको म्हणवलं नसतं.

तुझी,
धाकटी