लेकीचं औषध

परभणी,
१६ ऑगस्ट २०२४

प्रिय सारंगदादा,

नमस्कार. मस्कतला उन्हाने जीव नकोसा झाला असेल. इथे आभाळ भरून येतं आणि तसंच निघून जातं. बाबा काल पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाऊन आले. गुडघा दुखतोय, पण कबूल करत नाहीत. आईला थोडा वरणभात जातो. फोन आला की बाबा स्पीकर लावतात आणि आई शेजारीच असते, म्हणून हे मेलवर लिहितेय.

परवा तू म्हणालास, "तू अँटीबॉडीच बनवतेस, मग औषध घरातच आहे की." बाबांनीही गल्लीत तेच सांगून ठेवलंय. शेजारच्या सविताकाकू आईला म्हणाल्या, "पोरगी औषध बनवायलीय, तुमाला कशाचा घोर?" आईने ते इतकं मनावर घेतलं की केमोच्या सलाईनला ती नाहीच म्हणायची. "लेकीचं औषध येऊ दे, मग बघू."

दादा, मी औषध बनवत नाही. आमच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत माणसाचं एखादं प्रथिन उंदराला टोचतो. मग त्याच्या प्लीहेतल्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कधीच वाढ न थांबणाऱ्या कर्करोगाच्या पेशींशी जोडतो. त्यातली हवी ती एक निवडून वाढवली, की तिची सगळी पिल्लावळ एकाच प्रकारची अँटीबॉडी तयार करत राहते. ती त्या एका प्रथिनाला ओळखून चिकटते. बस, एवढंच. कर्करोगाच्या गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर ती सोडली आणि त्यात ते प्रथिन भरपूर असलं, तर तपकिरी रंग उमटतो, आणि मग त्या प्रथिनावरचं औषध देता येतं.

आईच्या छातीतल्या गाठीच्या तपासणीत तो रंग आलाच नव्हता. तुला बोलले नाही, कारण मलाच पटत नव्हतं. डॉक्टरांना विचारून गाठीच्या काचा हैदराबादला नेल्या आणि आमच्या अँटीबॉडीने पुन्हा रंगवल्या. तुलनेला ठेवलेली दुसऱ्या रुग्णाची काच छान तपकिरी झाली. आईची निळीच राहिली. आपली अँटीबॉडी खोटी निघावी असं पहिल्यांदाच वाटलं. निघाली नाही. हार्मोनची तपासणीही नकारार्थी आलीय, म्हणजे त्या गोळ्याही तिला लागू पडणार नाहीत. उरली फक्त केमो.

आज आई गवार मोडत बसली होती, तेव्हा सांगितलं.

"म्हणजे तुझं औषध मला न्हाई," ती म्हणाली.

"माझं औषधच नाही गं. मी फक्त ओळखायचं काम करते."

"मग ओळखलंस की बरोबर."

मी ओढणीने डोळे पुसले. ती म्हणाली, "रडू नगंस. सोमवारी चल, लावू सलाईन. गल्लीत काय सांगायचं ते मी बघते." आणि पुन्हा शेंगा मोडायला लागली.

सोमवारी तिला नांदेडला नेतेय. गाठ यकृतात पसरलीय, दादा. केमोने काही महिने मिळतील, बरी होणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आईने विचारलं नाही. बाबांपुढे माझं तोंड उघडत नाही.

तू दिवाळीचं तिकीट काढलंयस, ठाऊक आहे. ते बदल. आई हसतेय, बोलतेय, तोवर ये. मला एकटीला हे बघवत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
उत्तरा