मालकीचा फोन फुटत नाही

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मनात ठेवलं की ॲसिडिटी होते.

आमची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. सहा महिन्यांपूर्वी फील्डवरच्या सात जणांना कंपनीचे फोन मिळाले. आज आठवा मिळाला. कोणाला? साडूला! माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला इथे चिकटवला कोणी? मी. मी अठरा वर्षं रेकॉर्ड सेक्शनला आहे. माझ्या रजिस्टरशिवाय या कंपनीची एक लिफ्ट वर जात नाही. साहेबांना सहज विचारलं, तर म्हणाले, तुमचा स्वतःचा आहे ना, चालतोय की तो.

मला वाईट अजिबात वाटलेलं नाही. डबा परत नेला तो भूक नव्हती म्हणून.

५ मार्च, बुधवार

साडूने फोनला पारदर्शक कव्हर घातलंय. कॅन्टीनमध्ये टेबलावर आधी रुमाल पसरतो, मग त्यावर फोन ठेवतो, तान्हं बाळ निजवल्यासारखा. फुकट मिळालं की माणसाला किती नाटकं सुचतात! मी माझा फोन सरळ ठेवतो. कॅशियर बाई म्हणाल्या, आपटता. आपटत नाही. ठामपणे ठेवतो.

७ मार्च, शुक्रवार

आतली बातमी. साहेब नववा फोन घेणार आहेत. कोणाला द्यायचा ते ठरलेलं नाही. म्हणजे ठरलंय, साहेबांना अजून माहीत नाही एवढंच.

योजना तयार. स्वतःचा फोन माणूस जिवापाड जपतो. कंपनीचा फोन म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. हे आकडेवारीने सिद्ध करायचं. मग शिफारस: ज्याने स्वतःचा फोन जपून दाखवला, त्यालाच नववा द्यावा. आणि आठांपैकी एखादा काढून घ्यायचाच झाला तर सर्वांत ज्युनियरचा घ्यावा. मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

१० मार्च, सोमवार

साहेबांच्या कानावर घातलं. त्यांना 'डेटा' हा शब्द फार आवडतो. म्हणाले, महिनाअखेर रिपोर्ट द्या, त्यावरच निर्णय घेऊ. केबिनमधून तरंगतच बाहेर पडलो. जिन्यावर वाकलो तर शर्टाच्या खिशातून फोन पडला. सहा पायऱ्या. काचेला कोपऱ्यात तडा.

तडा जाणं म्हणजे फुटणं नव्हे. रिपोर्टात सुरुवातीलाच व्याख्या द्यावी लागेल.

१२ मार्च, बुधवार

दुरुस्ती रजिस्टर काढलं. कंपनीचे फोन: तक्रारी अकरा. एक शाफ्टमध्ये पडला. एक ग्रीसच्या डब्यात. एकावर लिफ्टचं दार बंद झालं, तेही दोनदा. स्वतःचे फोन वापरणारे चौदा जण: तक्रारी शून्य. शून्य! डोळ्यांत पाणी आलं.

कॅशियर बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, अहो, रजिस्टरमध्ये नोंद होते ती दुरुस्तीचा अर्ज आला तर. स्वतःचा फोन फुटला तर तुमच्याकडे कोण कशाला अर्ज करेल? मुकाट्याने बाजारात जाऊन काच बदलून आणेल. मी म्हटलं, बाई, तुम्ही व्हाउचरं बघा, मी सत्य बघतो. हसल्या. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही.

१४ मार्च, शुक्रवार

बाईंचं तोंड बंद करायला चौदाही जणांकडून फॉर्म भरून घेतले. माझा धरून. प्रश्न एकच, म्हणजे गोंधळ नको: 'आपण आपल्या फोनची काळजी घेता काय? होय / नाही.' चौदापैकी चौदा होय. एका मेकॅनिकच्या फोनला चार रबरबँड होते. का, ते विचारलं नाही. फॉर्मवर तो प्रश्न नव्हता.

१८ मार्च, मंगळवार

अडचण आहे. अडचणीचं नाव साडू. पंधरा दिवसांत एक तक्रार नाही. आठांत हा एकच फोन कोरा. आकडेवारीत अशाला अपवाद म्हणून वगळतात. घरात वगळता येत नाही, कारण तो धाकटा जावई असतो.

रविवारी सासूबाई बायकोला म्हणाल्या, धाकटे बघ, वस्तू कशी फुलासारखी वापरतात. मी तिथेच बसलो होतो, पेपरमागे. माझ्या हातून त्यांचा मिक्सर जळाला त्याला नऊ वर्षं झाली, अजून विषय निघतो. तो मिक्सर माझ्या मालकीचा नव्हता. म्हणजे सिद्धांत माझाच खरा ठरतो, पण हे त्यांना कोण समजावणार?

जळतो मी त्याच्यावर. एकदा लिहून टाकलं. मोकळं वाटलं. थोडंच.

२० मार्च, गुरुवार, दुपारी ३

साडूचा फोन तपासणीसाठी मागवला. कुठेतरी ओरखडा असणारच. त्याने काही न विचारता दिला. म्हणाला, दादा, लागेल तेवढा वेळ ठेवा. काय हलका फोन! काय ती काच! फोटोही काढून बघितला माझा. माझ्या फोनमध्ये मी इतका चांगला कधी आलेलो नाही.

३ वाजून १० मिनिटं

पडला. आधी टेबलाच्या कडेवर, मग फरशीवर. तडा नव्हे. फुटला. व्याख्येप्रमाणे.

संध्याकाळी ५.३०

साहेब कडाडले, हा कसा फुटला? मी घसा खाकरेपर्यंत साडू म्हणाला, माझ्या हातून पडला, साहेब. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली लेकाच्याने. एवढं चांगलं कशाला वागायचं माणसाने? त्यानेच तर जास्त आग होते.

नोंद केली: कंपनीचे फोन, तक्रार क्रमांक बारा. कोणाच्या हातून, असा रकाना आमच्या रजिस्टरमध्ये नाही.

२४ मार्च, सोमवार

शुक्रवारपासून घास उतरत नाही. साहेबांना खरं सांगायचं. उद्या सकाळी. नक्की.

२५ मार्च, मंगळवार

साहेब कामात होते. शब्दकोडं सोडवत होते, पण एकाग्रतेने.

२६ मार्च, बुधवार

विचार केला. आता सांगितलं तर रिपोर्टावरचा विश्वास उडेल. व्यक्तीपेक्षा संस्था मोठी. साडूलाही हेच वाटत असणार.

२७ मार्च, गुरुवार

रिपोर्ट दिला. नऊ पानं, स्पायरल बाइंडिंग. निष्कर्ष ठळक अक्षरांत: 'मालकी असेल तरच माणूस वस्तू जपतो.' शिफारस शेवटच्या पानावर. साहेबांनी पहिलंच पान वाचलं, पण दोनदा. म्हणाले, डोळे उघडलेत तुम्ही माझे. सोमवारी नोटीस लावतो.

सोमवारी!

माझ्या फोनवर हल्ली हिरव्या रेषा येतात. आता काय करायचंय त्याचं? बायको म्हणाली, नवा मिळाला की हा मला नको. मी म्हटलं, तुला कशाला, एखाद्या गरजूला देऊ.

३१ मार्च, सोमवार

नोटीस जशीच्या तशी उतरवतो.

'अभ्यासातून असे सिद्ध झाले आहे की, मालकी असेल तरच कर्मचारी फोन जपतात. सबब, कंपनीचे आठही फोन आजपासून ते वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मालकीचे करण्यात येत आहेत. स्वतःचे फोन वापरणारे कर्मचारी मुळातच काळजी घेत असल्याने नवव्या फोनची आवश्यकता उरत नाही. या अभ्यासाबद्दल रेकॉर्ड सेक्शनचे मनःपूर्वक आभार.'

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आठ जण येऊन माझा हात हातात घेऊन गेले. साडूने दोन्ही हातांनी घेतला.

आठ मालकीपत्रंही मीच भरायची होती. साडूचं शेवटी ठेवलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या अक्षरात खाडाखोड झाली. कॅशियर बाईंनी माझ्यासाठी चहा मागवला. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

घरी येऊन फोन चालू करायला गेलो. हिरव्या रेषासुद्धा आल्या नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार

दुकानदाराने फोन उघडला, आत डोकावला आणि विचारलं, किती दिवस पाण्यात होता? दिवस कसले. एकदाच, बादलीत, तेही फेब्रुवारीत, आणि लगेच काढला होता. मी म्हटलं, स्वतःचा फोन आहे, जपूनच वापरलाय. तो म्हणाला, दिसतंय.

संध्याकाळी साडू आणि मेहुणी घरी आले. साडूने खिशातून त्याचा जुना फोन काढला. पाच वर्षं वापरलेला, अंगावर ओरखडा नाही. म्हणाला, दादा, घरी पडूनच आहे, तुमचा दुरुस्त होऊन येईपर्यंत वापरा. नको म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, त्या दिवशी फोन माझ्या हातून पडला हे मी साहेबांना सांगायला हवं होतं.

मेहुणी म्हणाली, कुठला फोन, भावजी?

त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. साडू म्हणाला, काही नाही गं, ऑफिसमधलं. आणि माझ्या मुलीला चार्जर कुठे लावायचा ते दाखवायला लागला. मी पाणी प्यायला आत गेलो. बराच वेळ प्यायलो.

२ एप्रिल, बुधवार

साडूचा फोन दिवसभरात चार वेळा वाजला. चारही वेळा आधी खुर्चीत नीट बसलो, दोन्ही हातांनी धरला, मगच बोललो. जिन्यावरून उतरताना एक हात खिशावर, एक कठड्यावर. दुपारी टेबलावर ठेवला तेव्हा कॅशियर बाईंना पाण्याचा ग्लास लांब सरकवायला सांगितला. दुसऱ्याची वस्तू आहे. काही झालं तर त्याला तोंड कुठलं दाखवणार?

फार जीव खातो हा फोन. स्वतःचा असता तर एवढा कुठे जपला असता.