गोमाला बंदूक विकताना

प्रिय गोमा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. वाचायच्या आधी चुलीत घालू नकोस.

बोईसरला मुलाकडे येऊन मला दोन वर्षं झाली. खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसतात. शाळेत एका बाकावर बसून आपण कविता घोकायचो, त्या कवितांतलं आभाळ मी इथे शोधत बसतो. तेवढ्यात सूनबाई विचारते, "बाबा, कपाटातली बंदूक कधी जाणार?" तिचं चुकत नाही, घरात लहान मूल आहे. आणि मला आता धड नेमही धरता येत नाही.

घेणारा तूच, हे माझ्या मनात कधीचंच ठरलं होतं. रानडुकरं तुझा भात लोळवतात. पण माझ्या भाचीच्या, प्रियंकाच्या लग्नात, भर मांडवात, तू म्हणालास, "मास्तर, रिक्षात टाक नि घेऊन ये. तुज्यामाज्यात कागूद कशाला?" मी नाही म्हटलं. तुझ्याकडे परवाना नव्हता, गोमा. बिनपरवान्याच्या माणसाला बंदूक विकली तर देणारा आणि घेणारा, दोघांवरही गुन्हा. चार दिवस ठेवायला म्हणूनही देता येत नाही, काडतुसंसुद्धा नाहीत. मी हे सांगतोय आणि तू ताटावरून उठलास. "गोमा चोर हाय, असं सरळ म्हण ना!" सगळी पंगत बघत राहिली. जिलेबी हातात धरून मी तसाच बसलो.

रागवायचं होतं कायद्यावर, रागावलास माझ्यावर. मी कुणावर रागवू? डुक्कर काही परवाना बघून शेतात शिरत नाही, हे मलाही कळतं. पण मी मुलांना आयुष्यभर नियम शिकवले रे. तुझ्यासाठी मोडला असता आणि उद्या पोलिसांनी तुलाच नेलं असतं, तर ठमीवहिनीला काय तोंड दाखवलं असतं?

आपली शेतं बांधाला बांध लागून होती तेव्हाचं आठवतं? मचाणावर बंदूक माझ्या मांडीवर, बिडी तुझ्या ओठात. मी कविता सुरू केली की तू म्हणायचास, "बार वाया नको घालवू मास्तर, कविताच म्हण. डुकरां तिलाच भितात!" हसण्याने मचाण हलायचं.

परवा तुझा अंकुश आला होता. म्हणाला, बाबांनी गुपचूप अर्ज केला, पीक राखायला परवाना मिळाला. इतका आनंद झाला मला! आणि लगेच भडकलो. मला सांगावंसं वाटलं नाही? वर म्हणे तू दुकानातून नवी घेणार, "मास्तरची नको."

म्हणून तुला न विचारता मी एक गोष्ट केलीय. काल पोलीस ठाण्यात लेखी कळवून आलो, की माझी बारा बोअरची बंदूक विकायची आहे, आणि घेणारा म्हणून तुझं नाव दिलं. परवान्याचा नंबर अंकुशकडून घेतला. आता पंचेचाळीस दिवस थांबायचं, मगच व्यवहार. मधे हवालदार तुझ्या दारात चौकशीला येईल. या मास्तरांना ओळखता का, असं विचारील. बंदूक नको असेल तर तसं सांग, मी ती परवानावाल्या दुकानदाराला देऊन टाकीन. पण तुझा राग मला माहीत आहे, म्हणून हे पत्र हवालदाराच्या आधी पोचावं अशी धडपड. बंदूक नको म्हण हवं तर. पण ओळखतो म्हण.

तू मान किंवा नको मानू, तुझाच
शिवाजी