शेवट सांगायचा नाही

मी श्रीमती शालूबाई अण्णाप्पा तारदाळे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणे व हल्ली घरातले वाचनालय चालवणे, राहणार कबनूर, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. येत्या गुरुवारी मिरजेला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. मलाही परत यायचेच आहे, कारण एक कादंबरी अर्धी राहिली आहे. पण माझ्यामागे घराच्या पुढच्या सोप्याचे आणि त्यातल्या वाचनालयाचे काय होणार, हे ठरल्याशिवाय मला तिथे झोप लागायची नाही. म्हणून हा कागद.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. आदर्श मगदूम यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी विचारले, आजी, सध्या काय वाचताय? मी सांगायला लागले आणि बाहेरचे पेशंट खोळंबले. शेवटी त्यांनी सही केली आणि कादंबरीचे नाव आपल्या चिठ्ठीवर उतरवून घेतले.

कलम १. राहते घर मी आणि माझे दिवंगत पती, लिंगैक्य अण्णाप्पा यांनी स्वकष्टाने बांधले. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. हे घर माझा एकुलता मुलगा श्रीशैल याच्या नावे व्हावे. पुढच्या सोप्याबद्दल मात्र कलम ६ वाचल्याशिवाय त्याने कुणाला शब्द देऊ नये. दिला असल्यास परत घ्यावा.

कलम २. पोस्टातली ठेव नात रक्षिता हिच्या शिक्षणासाठी. अवकाशातल्या वसाहतीची एक जाडजूड कादंबरी वाचून ती मला म्हणाली होती, "आज्जी, मंगळावर गेलं तरी भांडी बायकाच घासत्यात." ती ठेव तिला त्या एका वाक्यासाठी दिली असे समजावे. पुढे तिने स्वतः कादंबरी लिहिली तर त्यात भांडी पुरुषांना द्यावीत.

कलम ३. बोरमाळ सून स्नेहल हिला. गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबरच राहील. अण्णाप्पांची हत्यारांची पेटी श्रीशैलला, पण त्यातला मोठा पाना वगळून. तो पाना कपाटात ऐतिहासिक कादंबऱ्यांना टेकण म्हणून लावला आहे. तो काढला तर सगळी फौज आडवी होते, हे मी एकदा पाहिले आहे.

कलम ४. वाचनालयाविषयी. अण्णाप्पा कोल्हापूरला मागाचे सुटे भाग आणायला जात आणि येताना रद्दीच्या दुकानातून कादंबऱ्या आणत. त्या आत मावेनात, तेव्हा मी कपाट सोप्यात ओढले आणि मागेल त्याला पुस्तक द्यायला लागले. वर्गणी कधी घेतली नाही. नियम दोनच ठेवले. पहिला, पुस्तक परत करणाऱ्याने पायरीवर बसून, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे, काय वाटले ते सांगायचे. सांगितल्याशिवाय पुस्तक जमा होत नाही आणि दुसरे मिळत नाही. दुसरा नियम, शेवट सांगायचा नाही.

"बरं हाय" एवढे म्हटलेले चालत नाही. श्रीशैलने आजवर तेवढेच म्हटले आहे, त्यामुळे त्याच्या नावावर एक पुस्तक अजून बाकी आहे. उलट आमची कारखान्यातली धोंडुबाई. तिला अक्षर येत नाही, नात वाचून दाखवते. एका प्रेमाच्या कादंबरीतली नायिका पानोपानी रडत होती. धोंडुबाई पायरीवर बसून म्हणाली, "ह्या पोरीनं आदी पोटभर जेवावं, मग रडावं की." त्या आठवड्यात ती कादंबरी न्यायला बायकांची रांग लागली. उदयसिंह इंगवले फक्त ऐतिहासिक वाचतात. राजे एका रात्रीत तीन गड पार करतात, पण घोड्याला पाणी कुठे पाजले ते कुणी लिहीत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. तरी लढाईचे प्रकरण आले की हा गृहस्थ उठून उभा राहतो आणि उभ्यानेच वाचतो. मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कलम ५. बाळासो खोत याच्याविषयी. तेव्हा मी कारखान्यात कांड्या भरत होते, धोंडुबाई शेजारी होती आणि बाळासो पलीकडच्या टोकाला माग चालवत होता. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे ओरडणेही ऐकू येत नाही, त्यामुळे कारखान्यात सगळे हातांनी बोलतात. एका खुनाच्या कादंबरीने तेव्हा आम्हा सगळ्यांना वेड लावले होते. प्रत एकच, वाचणारे ढीगभर. बाळासो ती संपवून कामावर आला. धोंडुबाईने लांबून तळहात फिरवून विचारले, कोण? त्याने दोन बोटे दोन्ही कानांत घालून डॉक्टरची नळी लावल्यासारखी केली आणि एक बोट गळ्यावरून फिरवले. हातांच्या बोलण्यात कुजबुज करता येत नाही. त्याला वाटले आपण तिला एकटीला सांगितले, आणि बघितले सगळ्या कारखान्याने. एवढे हात मागावरून सुटले की त्या पाळीत तुटलेले धागे जोडताना अण्णाप्पांना जेवायला फुरसत मिळाली नाही. (त्या कादंबरीतला डॉक्टर निराळा. आमच्या डॉक्टरांनी मनाला लावून घेऊ नये.)

त्याच संध्याकाळी मी बाळासोला सांगितले, "माझ्या सोप्याची पायरी चढायची न्हाय." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. जत्रेत समोर आला तर मी नारळ निवडत उभी राहते.

आता जे पुढे झाले तेही लिहिते. मला वाटले, रांगेतले लोक कादंबरी नको म्हणतील. झाले उलटेच. जन्मात पुस्तकाला हात न लावलेले गडी सोप्यात आले आणि म्हणाले, डॉक्टरनं कसं केलं ते बघायचंय. त्या पुस्तकाची पाठ निखळेपर्यंत ते घरी आले नाही. त्यातले बरेच जण आजही वाचतात. तरी माझा राग चुकीचा होता असे मी लिहून देणार नाही. शेवट फोडला तो फोडलाच.

स्नेहल हातकणंगल्याहून लग्न होऊन आली, तेव्हापासून मागच्या दाराने बाळासोला पुस्तके देते. तिला वाटते मला माहीत नाही. माझी कॉट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. तो नियम पाळतो, पुस्तक परत देताना काय वाटले ते सांगितल्याशिवाय जात नाही. एकदा प्रेमाच्या कादंबरीबद्दल म्हणाला, "वैनी, त्यो तिला इस्टेशनावर सोडून गेला, तवा मी पुस्तक मिटलं आनि उठून आमच्या मंडळीस्नी च्या करून दिला." भुताच्या कादंबरीबद्दल म्हणाला, "भ्या न्हाय वाटलं. त्या भुतासंगं कोन बोलतच न्हाय, त्येचं वाईट वाटलं." ते ऐकून मला रडू आले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

कलम ६. सोप्याची व्यवस्था. श्रीशैलला सोपा मोबाईलच्या दुकानाला भाड्याने द्यायचा आहे. तो मला तोंडावर म्हणाला, "अव्वा, आता कोन वाचतंय?" त्याचे बोलणे वाईट हेतूचे नाही, त्याला खरेच तसे वाटते. पण स्नेहल आतून म्हणाली, "सोपा भाड्यानं दिलासा तर कपाट सैपाकघरात यील, आनि गॅस तुमच्या खोलीत." माझा निर्णय असा की सोपा नावाने श्रीशैलचाच राहील, परंतु स्नेहल आणि बाळासो या दोघांपैकी एकाचीही वाचनालय चालवायची इच्छा असेतोवर तो कोणालाही भाड्याने, गहाण किंवा विकत देता येणार नाही. कपाट, पुस्तके व मोठा पाना दोघांच्या ताब्यात असावा. किल्ली बाळासोकडे राहील.

कोणी म्हणेल, ज्याला हाकलले त्यालाच किल्ली? तर वाचून झाल्यावर ज्याला गप्प बसवत नाही, असा माणूस वाचनालयाला लागतो. नुसते पुस्तक मांडून ठेवले तर ते कोण उचलतो? असा माणूस मला त्याच्याशिवाय दुसरा माहीत नाही. दुसरा नियम मात्र कायम राहील, आणि तो पाळून घेण्याची जबाबदारी त्याची. त्याला हीच शिक्षा पुरे.

कलम ७. अर्ध्या राहिलेल्या कादंबरीविषयी. हीही खुनाचीच. ती माझ्या खिडकीत आहे, आत खुणेला साडीच्या काठाची पट्टी घातली आहे. मी परत आले तर पट्टी जिथे होती तिथेच मला हवी. परत आले नाही, तर आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात, म्हणजे मला समोरचे नीट दिसेल. मला उचलण्यापूर्वी बाळासोने दारात उभे राहून, कारखान्यात सांगितला तसा, हातांनी शेवट सांगावा. जमलेल्या सगळ्यांना कळला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सोप्यात रांग लागेल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्नेहलने करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

हे सर्व आज सोप्यात मोठ्याने वाचून दाखवले. त्यासाठी मी बाळासोला बोलावले होते. तो पायरीशी अडखळला, तेव्हा मी "ये, बस" म्हणाले. ही कादंबरी त्याने मागच्या दाराने नेऊन केव्हाच वाचली आहे. कलम ७ वाचून होताच धोंडुबाईने सवयीने त्याच्याकडे पाहून तळहात फिरवला, कोण? त्याचा हात वर आला. मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा त्याचे दोन्ही हात खिशात होते. किल्ली मी त्याला तिथेच दिली.

ठिकाण: कबनूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: शालूबाई अण्णाप्पा तारदाळे (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार १: उदयसिंह इंगवले (सही, उभ्याने केली)
साक्षीदार २: डॉ. आदर्श मगदूम (सही)