कलमाखालचे फुटवे

पिएत्राफोस्का,
१२ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. एर्सिलियास अनेक आशीर्वाद.

आज दिवसभर धुकं. लाकडं फोडली, निवेसच्या थडग्यावर जाऊन आलो.

ती गेल्यापासून तिच्या नासपतीला मी हात लावला नव्हता. दोन उन्हाळे झाड जोमानं वाढलं, तेवढंच बरं वाटत होतं. काल शेजारची प्रिमेत्ता कुंपणावरून ओरडली, की अरे इलारिओ, काट्यांना खत घालतोस होय रे! जवळ जाऊन पाहिलं. कलमाच्या गाठीखालून काटेरी जंगली फुटवे माजलेत आणि वरचं कलम वाळतंय. एकच फांदी जिवंत आहे. शाळेत फादर अशा बिनकलमी झाडाला लॅटिनमध्ये 'सिल्व्हेस्ट्रिस' म्हणायचे, म्हणजे रानातलं. फुटवे दरवर्षी निवेसच काढत असणार. तुला तिनं कलम बांधायला शिकवलं होतं. झाड वाचेल का, कळव.

तुझा दादा,
इलारिओ

बोलोन्या,
२६ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. निवेसवहिनी म्हणायची, तुझ्या दादाला नासपती ताटात आल्यावरच ओळखू येते.

सगळे फुटवे तोडू नकोस, दोन जाड ठेव. जानेवारीत जिवंत फांदीच्या काड्या काप, तळघरात ओल्या वाळूत पुरून ठेव. मार्चअखेर त्या फुटव्यांवरच बांधायच्या. वाळू सुकली की काड्या गेल्या. ती ओली ठेवायचं काम प्रिमेत्तावर सोपव आणि हिवाळ्याला इकडे ये. खोली झाडून ठेवलीय. एकटा राहून तूच सिल्व्हेस्ट्रिस होशील. दाढी वाढवलीस म्हणे. या वेळी नाही म्हणू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
एर्सिलिया

पिएत्राफोस्का,
१४ जानेवारी १९६२

चि. सौ. एर्सिलियास आशीर्वाद.

मी येत नाही. रागावू नकोस. प्रिमेत्ताला विचारलं, तर म्हणाली, सांभाळते की, त्यात काय एवढं! पण तिनं तळघराची किल्ली मागितली आणि मला ती देववली नाही. फांदी बुंध्याकडून काळी पडत आलीय. पुढच्या वर्षी काड्या मिळायच्या नाहीत.

आज कापल्या. थोड्याच निघाल्या. मार्चमध्ये तू ये. बांधायला माझा हात बसलेला नाही. मुलांना माझा पापा. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

वाळू हाताला ओली लागते का, ते बघून येतो. मग जेवेन.

इलारिओ