राजाची उडी

प्रिय धनेश,

जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण कुठलीही गोष्ट ऐकताना शेवट आधी विचारायची तुझी खोड मला माहीत आहे. काल पनवेलला खांदा कॉलनीतल्या हॉलमध्ये बुद्धिबळाची खुली स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत मी असा हल्ला चढवला, की समोर तू असतास तर तुला नक्की चहाची तलफ आली असती. हरायला लागलास की यायचीच. आणि उठताना तुझा पाय नेमका पटाला लागायचा.

घरचं सांगते. आपली लेक मनस्वी बारावीला आहे, तुझ्याइतकीच तोंडाळ. आई अंथरुणाला खिळल्यात, पण आवाज अजून बंदरावर मासळीचा लिलाव पुकारल्यासारखा. त्यांचं माझ्याकडे एकच मागणं आहे, मी एकदा हो म्हणावं. बोट उलटली, बाकीचे खलाशी पोहत किनाऱ्याला लागले, तू आला नाहीस, त्याला वर्षं लोटली. आता तरी तुझे दिवस करू द्यावेत. "माज्या पोराला कवापरत उंबऱ्यावर उबा ठेवशील गो? ना आत, ना भायेर," असं म्हणतात. मी उठते आणि घासलेली भांडी पुन्हा घासते. नातेवाइकांनी मला केव्हाच वेडी ठरवलंय. ठरवू देत. माझ्याकडे कारण होतं, फक्त ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मासेमारी बंद असायची ते महिने आठवतात? बोटी वर ओढलेल्या, जाळी विणून झालेली, आणि तू ओटीवर पट मांडून मला हाका मारायचास. मी शाळेत शिकलेला खेळ खेळायचे, तू आजोबांचा. सोंगट्या त्याच, पण तुझ्या खेळात राजाला डावातून एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. मी म्हणायचे ही चीटिंग आहे, आणि तू म्हणायचास, पनवेलच्या शाळेत राजाला उडायला शिकवत नसतील तर तो शाळेचा दोष. उडी मलाही होती, पण मी ती सुरुवातीलाच घाबरून वाया घालवायचे. तू राखून ठेवायचास. मी तुला सगळीकडून घेरायचे, मात झाला म्हणून टाळ्या पिटायचे, आणि तू सावकाश राजा उचलून भलतीकडे नेऊन ठेवायचास. वर हसायचास. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा, की मी तुझ्या ताटातली बोंबलाची तुकडी उचलून खायचे.

कालचा डाव ऐक. समोर काशीराम म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, उलव्याकडचे. सबंध हॉलमध्ये शाळकरी पोरं, आणि आम्ही दोघंच चष्मेवाले. त्यांनी राजा कोपऱ्यात किल्ल्यात नेऊन बसवला. राजाची राखण एक घोडा करत होता. मी बराच वेळ तो घोडा बघत बसले आणि मग माझा हत्ती देऊन तो उडवला. काका गालात हसले. घोड्याच्या बदल्यात हत्ती कोण देतं? पण राजापुढची तटबंदी फुटली होती. मी वजीर कडेच्या पट्टीत आणला, मागून लांबवर माझा उंट रोखलेलाच होता. त्यांनी उंटाच्या वाटेत प्यादं ढकललं असतं तर आणखी थोडे तगले असते. पण समोर माझं एक फुकटचं प्यादं दिसलं, त्यांना मोह आवरला नाही, ते त्यांनी खाल्लं. मी वजीर राजाला खेटून ठेवला. सबंध डावातला पहिलाच शह, आणि तोच मात.

असं मी आयुष्यात खेळले नव्हते, धनेश. मान वर करून मी तुला शोधलं, खरंच शोधलं, त्या पालकांच्या गर्दीत.

काकांनी थोडा वेळ पटाकडे बघितलं. मग सावकाश राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला. अगदी तुझ्यासारखा, दोन बोटांत धरून. पंच म्हणून मनिषा नावाची मुलगी होती, ती पुढे आली. "काका, अशी चाल नसते," म्हणाली. ते म्हणाले, "आमच्यात आसते गो बाय. राजाला येक उडी हाय." ती मुलगी वाईट नव्हती. अगदी हळू बोलली, "इथे नाही, काका. इथे मात झाला." त्यांनी मान डोलावली, राजा उचलून परत मेलेल्या घरात ठेवला आणि माझा हात हातात घेतला. जुनी सवय, म्हणाले.

मी तिथेच रडायला लागले. लोकांना वाटलं, बाई जिंकली म्हणून रडते. मनस्वीने फोटोसुद्धा काढला.

इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते. सगळीकडून घेरलाय, पण उडी राखून ठेवली असेल, सवयच आहे मेल्याची, शेवटी मारेल आणि दारात उभा राहून हसेल. आणि त्या पोरीने दोन शब्दांत सांगितलं.

घरी आले, चषक आईंच्या उशाशी ठेवला आणि हो म्हणाले. त्यांनी नुसता माझा पदर धरून ठेवला. उद्या सकाळी करंज्याच्या किनाऱ्यावर तुझा दर्भाचा पुतळा करतील आणि त्याला अग्नी देतील. परवापासून गळ्यात काय ठेवायचं ते मी ठरवीन, त्यात कुणी बोलायचं नाही. पण तुझ्या मरणाला मी रुकार दिला, हे तुला भटजींच्या मंत्रांतून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. हे पत्र त्या पुतळ्याच्या छातीवर ठेवणार आहे. मला फार भीती वाटते. पट ओटीवर मांडलाय, तुझी बाजू समुद्राकडे. उडी शिल्लक असेल तर आज मार. उद्या मी स्वतःच काडी लावून येणार आहे.

तुझीच, आणि तुझ्याकडून कायम हरलेली,
विनिता